बाईंच्या दोन गाड्या

४ फेब्रुवारी

अण्णा,

नमस्कार. फोनवर तुम्ही येत नाही, म्हणून कागदावर आलोय. आई फोन तुमच्या कानाला लावते तेव्हा तुम्ही नुसता श्वास घेता आणि मी इकडे गॅरेजच्या मागे टायरच्या ढिगावर बसून तो ऐकतो. असं किती वेळ ऐकणार? कागदावर निदान मला बोलता येतं.

आईला विचारलं, अण्णा काय करतायत? म्हणाली, "बसलेत. काल बसले होते तसेच." तुमचे साहेब गेले, त्यांच्या मुलांनी गाडी विकली, तेव्हापासून तुम्ही घराबाहेर पाऊल टाकलं नाही म्हणते. साहेबांचं वाईट वाटलं. तुम्ही मला तुमच्यासारखंच त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून चिकटवायला निघाला होतात तेव्हा मी जे बोललो, की मी कुणाच्या गाडीचं दार उघडून उभा राहणार नाही, तो विषय आज नको. तुम्ही तेव्हापासून बोलत नाही आणि मीही तो शब्द मागे घेतलेला नाही. तिथेच राहू दे.

कामाचं लिहितो. आमच्या उस्तादकडे एक गिऱ्हाईक आलंय. म्हातारी आहे, कोर्टात न्यायाधीश होती. सगळे नुसतं बाई म्हणतात. बाईंच्या डोळ्यांचं असं झालंय की मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणाल्या, "मला रस्ता दिसत नाही रे, रस्त्याची झाडं दिसतात." डॉक्टरने गाडी चालवायला बंदी केली. आता त्या भाचीच्या शेजारी राहायला जाणार, तिथे एकाच गाडीची जागा. आणि बाईंच्या गाड्या दोन.

एक निळी. चार दरवाजे आहेत म्हणून घरगुती म्हणायची, बाकी घरगुती काही नाही. जंगलातल्या मातीच्या रस्त्यांवर शर्यती होतात ना, रॅली, त्यातली ही जात. बॉनेटवर हवा ओढायला नाकपुडी, मागे पंख, चारही चाकांना ताकद. टर्बो जागा होईपर्यंत गाडी विचार करते आणि मग पाठीत लाथ घालते. अण्णा, खरं सांगतो, पहिल्यांदा चालवली तेव्हा मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो. बाईंनी ही रिटायर झाल्यावर स्वतः घेतली. "लोक आरामखुर्ची घेतात, मी ही घेतली," म्हणाल्या.

दुसरी काळी, जपानी, जुनी, लांबलचक. बाईंच्या नवऱ्याची. तुमच्या साहेबांच्या गाडीच्याच जातीची, पण तिच्याहून थोरली. सीटला चामडं नाही, लोकरीचं कापड. चामडं घासलं की कुरकुरतं म्हणून. वर जाळीच्या पांढऱ्या खोळी. पुढच्या सीटच्या पाठीला एक झडप आहे, ती पाडली की मागचा माणूस त्यातून पाय लांब करून बसतो. सगळी सोय मागच्याची. ड्रायव्हरला काय, तर गोल चाक आणि समोर रस्ता. आजोबांच्या कपाटात बसल्यासारखं वाटतं मला.

बाई म्हणाल्या, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणार नाही. म्हणून मी त्यांना आलटून पालटून दोन्ही गाड्यांतून फिरवायचं आणि शेवटी त्या ठरवणार, कुठली ठेवायची. मला विचाराल तर ऐकण्यासारखं काही नाही. निळी.

तुम्ही विचारलं नाही ते सोडा.

आईला सांगा, जेवतो वेळेवर.

तुमचा,
धाकटा


१९ फेब्रुवारी

अण्णा,

तुमचं पत्र नाही. मी धरूनच चाललो होतो.

निळीत बाई पुढे माझ्या शेजारी बसतात. दार स्वतः उघडतात, स्वतः आपटतात. डोळे मिटून आवाज ऐकतात आणि ओरडतात, "तिसरा टाक, तिसरा! कशाची वाट बघतोस?" आमचं दोघांचं छान जमतं.

काळीचं निराळं. पहिल्या दिवशी त्यांच्या दारात गाडी लावली आणि मी आत बसून राहिलो. बाई बाहेर उभ्या. बराच वेळ झाला.

"दार," बाई म्हणाल्या.

"उघडंच आहे बाई, लॉक नाही लावलेलं."

"ते मला कळलं. कडी कुठे आहे ते दिसत नाही."

मग मी उतरलो आणि उघडलं. एवढंच. उगाच त्याचं काही करू नका.

आता खरी अडचण. काळी थांबते तेव्हा बाईंची मान हलते. चौकात थांबलो की मागून आवाज येतो, "मान हलली." पुढच्या चौकात परत, "मान हलली." कोर्टात साक्षीदाराला बोलतात तसं, राग नाही काही नाही, नुसती नोंद. मी म्हटलं, बाई, निळीत तर तुमची सगळी हाडं हलतात, तेव्हा काही म्हणत नाही! तर म्हणतात, "ती हलवायलाच बनवली आहे. ही नाही. जिचा जो दावा, तो तिने सिद्ध करायचा."

काळीच्या ब्रेकमध्ये काहीतरी आहे हे नक्की. शनिवारी चारही चाकं उतरवतो.

धाकटा


६ मार्च

अण्णा,

उतरवली. पॅड बदलले, डिस्क घासून सपाट करून आणल्या. मान हलली.

मग ब्रेकला जोर देणारा बूस्टर बघितला. मग पुढचे शॉकअब्सॉर्बर. मग वाटलं इंजिनच्या खालचं रबर बसलं असेल, थांबताना इंजिन पुढे सरकत असेल, म्हणून तेही नवीन टाकलं. उस्ताद चहा पीत बघत होता. म्हणाला, "पेशंटला ताप नाही आणि तू थर्मामीटर बदलत बसलायस."

"मग तुम्ही सांगा ना काय झालंय."

"मला माहीत असतं तर तुला पगार कशाला दिला असता?"

परत रस्त्यावर काढली. मागे बाई, जाळीच्या खोळीला डोकं टेकून. पहिलाच सिग्नल. मी आरशात बघतोय. बाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात त्यांनी हाताने आपली मान धरली आणि सावकाश सरळ केली. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तुम्हाला विचारत नाहीये. नुसतं सांगतोय. तुम्ही एवढी वर्षं असली गाडी चालवलीत, साहेब मागे कागद वाचायचे, कधीकधी दाढी करायचे असं तुम्हीच सांगायचात. त्या गाडीचे ब्रेक कुठल्या कंपनीचे होते, एवढं आठवत असेल तर आईजवळ सांगा. नसेल तर राहू दे. उद्या ब्रेक परत उघडतो. या वेळी पाइपसकट सगळं.

आई म्हणाली, तुम्ही माझी पत्रं स्वतः फोडता आणि वाचून झाली की उशीखाली ठेवता. ठेवा. रद्दीत गेली नाहीत हे काय कमी आहे.

धाकटा


१७ मार्च

अण्णा,

तुमचं कार्ड मिळालं. आधी मला वाटलं पाठीमागे अजून काही असेल, म्हणून उलटून बघितलं. मग आईने काही चिकटवलंय का तेही बघितलं. नाही. एवढंच.

"ब्रेक उघडू नकोस. पाय बघ."

मी घर सोडल्यापासून तुमचा पहिला शब्द, आणि तो कशावर, तर ब्रेकवर. ना कसा आहेस, ना काही. मी कार्ड उस्तादला दाखवलं. त्याने वाचलं, माझ्या बुटाकडे बघितलं आणि जे हसायला लागला ते त्याला ठसका लागेपर्यंत. मला फार राग आला. कुणाचा ते नक्की सांगता येणार नाही. एवढे दिवस मी गाडी उघडून बघतोय आणि आजार माझ्या पायात!

राग आला तरी पाय बघितला. उस्तादला म्हटलं, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. अण्णा, गाड्यांमध्ये एवढी वर्षं काढली आणि मी कधी कुठल्या गाडीत मागे बसलोच नव्हतो. गाडी तपासायची म्हणजे पुढे बसून, हेच डोक्यात. मागे बसलो तर कळलं की ही गाडी तिथूनच सुरू होते. उस्तादही माझ्यासारखाच दाबून थांबवतो. गाडी थांबली, पण मी थांबलो नाही. मी अजून थोडा पुढे जात होतो आणि मग मागे आलो. तीच ती मान.

मग रिकाम्या मैदानात मी एकटाच. गाडी थांबायला आली की शेवटच्या हाताएवढ्या अंतरावर ब्रेक सोडून बघायचा. सगळा नाही, थोडा. सगळा सोडला की गाडी पुढे पळते, कमी सोडला की मान हलते. निळीत मी ब्रेक मारतो म्हणजे लाथच घालतो. तिथे तेच लागतं. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, मागचं हलकं होतं, मग ती वळणात शेपूट टाकते. तिथे वजन फेकायचं. इथे तेच वजन झोपलेल्या मुलासारखं खाली ठेवायचं.

सोमवारी बाईंना घेऊन गेलो. चौकात थांबलो. मागून आवाज नाही. सिग्नल सुटला, पुढे गेलो, परत थांबलो. बाई म्हणाल्या, "आपण थांबलोय का रे?"

बस. एवढं सांगायला पत्र लिहिलं.

पण दर वेळी जमत नाही. दहातून चार. पुढे काय करायचं?

धाकटा


२ एप्रिल

अण्णा,

तुमचं दुसरं पत्र वाचलं. चार ओळी! वाढ आहे. लांबून बघायचं, सिग्नलला येऊन थांबायचं नाही, सिग्नल येईपर्यंत आपला वेग संपलेला असायचा, हे जे लिहिलंत ते मी गाडीत चिकटवून ठेवलंय. दहातून सात.

पण पुढे तुम्ही निळीबद्दल लिहिलंत, की ती गाडी नाही, फटाका आहे, आणि माणसाला बसवत नाही, आवळते. हे मला पटलं नाही. आवळते, कबूल. सीट बरगड्या धरते. आतलं प्लास्टिक पत्र्याच्या डब्यात खिळे टाकल्यासारखं वाजतं. चहा न्यायचा तर विसरा. पण अण्णा, ओल्या उतारावर काळी मला घाबरवते. तिचं मागचं टोक कधी सुटेल ते ती आधी सांगत नाही. सगळं लपवते, तीच तिची सभ्यता. निळी सगळं ओरडून सांगते. रस्त्यावर कुठे खडा आहे, कुठे पाणी आहे, कुठलं चाक सैल पडलंय. वाईट बातमीसुद्धा वेळेवर देते. मला अशी बरी वाटते. घरात एकाने गप्प बसायचं आणि दुसऱ्याने अंदाज बांधायचे, त्यापेक्षा बरी.

गाडीबद्दलच लिहितोय.

बाकी ठीक. काळी रोज दुपारी उन्हात उभी करून धुतो, चांगली चमकते. जाळीच्या खोळी काढल्या, फार मळतात.

धाकटा


२० एप्रिल

अण्णा,

दोन्ही बाजूंनी भरलेला कागद! उन्हात धुतली की थेंबांचे डाग रंगात कसे बसतात, आधी सावली मग पाणी, वरून खाली, आणि खोळी काढायच्या नाहीत, रोज बदलायच्या. शेवटी "मूर्खा" असंही लिहिलंय. आईने फोन केला होता. म्हणाली, "तुझं पत्र आल्यापासून घरभर येरझाऱ्या घालतायत. चिडलेत. उन्हात धुतो म्हणे, उन्हात धुतो! असं म्हणत दुपारी पेन आणायला स्वतः दुकानात गेले. किती बरं वाटतंय मला, अजून काहीतरी चुकीचं लिही."

सगळ्यात खाली तुम्ही लिहिलंय की मला उन्हात धुवायचं नसतं हे लहानपणापासून माहीत आहे, मग मी मुद्दाम लिहिलं का? अण्णा, तुम्हाला जर ते कळलं होतं तर दोन पानं का लिहिलीत? तुम्ही सांगा, मग मी सांगतो.

आता निकाल. बाईंनी काल दिला. आम्ही दोघं निळीतून घाटाच्या टोकापर्यंत गेलो होतो. परत येताना त्या एकदाही ओरडल्या नाहीत. घरी पोचल्यावर उतरल्या नाहीत. डॅशबोर्डवर हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "ही जाऊ दे."

मला धक्काच बसला. म्हटलं, बाई, तुमचा जीव हिच्यात आहे!

"म्हणूनच. ही चालवायची गाडी आहे, बसायची नाही. तू चालवतोस आणि मी शेजारी बसून गिअर सांगते, म्हणजे दुसऱ्याच्या ताटाकडे बघत बसल्यासारखं आहे. काळीत मला काही करायचं नसतं, तिथे माझे डोळे गेलेले नाहीत."

मी उतरलो, त्यांच्या बाजूला गेलो आणि दार उघडलं. निळीचं. तिचं दार त्यांना सापडतं, तरी उघडलं. बाईंनी माझा दंड धरला आणि उतरल्या. अण्णा, दार उघडून उभं राहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, आणि मी निघताना जे बोललो होतो ते तुम्हाला कुठे लागलं असेल तेही कळलं. ते वाक्य मी परत घेतो. हे फोनवर बोलता आलं नसतं.

निळी उस्तादने ठेवून घेतली. त्याच्या ओळखीची मंडळी जुन्या खाणीच्या रस्त्यावर रॅली भरवतात, तिथे तो मला उतरवणार. म्हणजे काळीला माणूस नाही. बाईंनी विचारलं, "तुला पाय कुणी शिकवला?" मी म्हटलं, वडिलांनी, पत्रातून. बाई म्हणाल्या, "पत्रातून इतकं येत असेल तर त्यांना पत्रातच का ठेवलंय?"

तर असं आहे. इथे काळी आहे, बाई आहेत, माझी खोली आहे, खाट एक आहे पण दुसरी मिळेल. मी तुम्हाला उपकार म्हणून बोलावत नाही. दहातून सातवर बाई खूश नाहीत आणि माझं त्यापुढे जात नाही.

या.

तुमचा,
धाकटा


१४ जून

अण्णा,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. काळीच्या स्टिअरिंगवर ठेवलंय, सकाळी तुम्ही आधी तिथेच जाता.

तुम्ही येऊन महिना होत आला. बाईंनी मला परवा थांबवून सांगितलं, "तुझे वडील थांबले की मला घड्याळ बघावं लागतं, नाहीतर कळतच नाही." उस्ताद तुम्हाला बघून चहाचा कप खाली ठेवतो, जे तो कुणासाठी करत नाही. ताईचं बाळंतपण आटोपलं की आई येईल. सगळं बरं चाललंय.

फक्त आपण दोघं बोलत नाही.

भांडण नाही, मला माहीत आहे. तुम्ही आलात, मी स्टेशनवर आलो, तुम्ही म्हणालात, "वाळलास." मी म्हटलं, "प्रवास झाला का नीट?" आणि मग संपलंच. एका खोलीत दोन खाटा. तुम्ही पेपर वाचता, मी बुटाला पॉलिश करतो. तुम्ही म्हणता, "दिवा घालवू का?" मी म्हणतो, "घालवा." पत्रात आपण किती बोलायचो! तुम्ही मला मूर्ख म्हणायचात. आता समोर बसून "भाजी वाढ" म्हणता, तेही अंग चोरून. मीही तसाच. तोंड उघडतो, तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, पाणी देऊ का.

म्हणून परत कागद घेतला.

येत्या रविवारी खाणीच्या रस्त्यावर निळी पळवायची आहे. रॅलीत ड्रायव्हर एकटा नसतो. शेजारी एक माणूस बसतो आणि मोठ्याने सांगत राहतो, पुढे काय येतंय. डावं वळण, किती आवळलेलं, चढ आहे का, पलीकडे रस्ता आहे की नुसती हवा. रस्ता आधी सावकाश फिरून हे सगळं लिहून काढायचं असतं. तो एक सेकंद गप्प बसला तर ड्रायव्हर आंधळा. त्या सीटवर गप्प बसून चालतच नाही, अण्णा.

उस्तादने त्याचा पुतण्या दिला होता. काल आम्ही दोघांनी करून बघितलं. त्याला माझं अक्षर लागत नाही. पहिल्याच वळणावर कागद नाकाशी धरून विचारतो, "हे उजवं आहे का उंदीर?" तेवढ्यात आम्ही झुडपात. गाडीला काही झालं नाही, पुतण्या आता यायला तयार नाही.

माझं अक्षर या जगात एकाच माणसाला लागतं. फेब्रुवारीपासून वाचतोय तो.

तुम्हाला ही गाडी आवडत नाही, मान्य. फटाका आहे, आवळते, सगळं मान्य. बरगड्या दुखतील. तुम्ही म्हणाल तेवढी सावकाश नेईन. शर्यतीत शेवटून पहिला आलो तरी चालेल, मला तुमचा आवाज कानात घेऊन घरी जायचंय.

वळणांचे कागद सोबत जोडलेत. नको असेल तर तसं लिहा, बोलायची गरज नाही. कागद काळीतच ठेवा, मी दुपारी घेईन.

धाकटा

*

(याच कागदाच्या खाली, निळ्या पेनने)

रविवारी येतो. बाईंना विचारलं आहे, त्यांनी सुट्टी दिली. त्याही बघायला येणार, त्यांची सोय सावलीत कर.

माझ्यासाठी हळू चालवायची नाही. सावकाश न्यायची असेल तर माझी काळी आहे.

तिसऱ्या पानावर पुलाच्या अलीकडे काय लिहिलं आहेस ते मलाही लागत नाही. जेवताना तोंडी सांग.